डबा संपला म्हणजे लेव्हल झाली असं नाही

मोटरसायकलचं इंजिन ऑइल बदलणं तसं सोपं काम आहे. खालचा बोल्ट काढायचा, जुनं ऑइल सोडायचं, बोल्ट परत लावायचा, वरून नवं ओतायचं. सगळं धरून तासाभराचं काम. पण शेवटी नेमकं किती ओतायचं, हे बहुतेक ठिकाणी अंदाजाने उरकलं जातं. नागपुरात कोणत्याही चौकातल्या गॅरेजसमोर थोडा वेळ उभं राहिलं तर हेच दिसतं. डब्याचं सील फोडलं, डबा नरसाळ्यात उलटा केला, शेवटचा थेंब उतरेपर्यंत धरला आणि झाकण बंद. "पूर्ण डबा टाकला भाऊ, आता काही पाहायचं काम नाही."

बाजारात डबा ९०० मिलीचा मिळतो, एक लिटरचा मिळतो, १.२ लिटरचाही मिळतो. आपल्या इंजिनाला आज किती लागणार, ते मात्र डब्यावर लिहिलेलं नसतं. ते गाडीची काडी (डिपस्टिक) किंवा लेव्हलची काच सांगते, आणि तीही योग्य पद्धतीने पाहिली तरच. मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी दोन गाड्यांचं ऑइल एकापाठोपाठ बदललं, प्रत्येक टप्प्यावर माप घेतलं, ते इथे क्रमाने लिहितो. एक गाडी १०० सीसीची, झाकणाला डिपस्टिक असलेली. दुसरी १५० सीसीची, इंजिनाच्या उजव्या बाजूला लेव्हल पाहायची गोल काच असलेली.

आधी मॅन्युअल उघडलं. त्यात ऑइलच्या क्षमतेचे दोन किंवा तीन आकडे असतात आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. एक आकडा नुसतं ऑइल सोडल्यानंतर लागणाऱ्या ऑइलचा. फिल्टर वेगळा असेल तर तोही बदलल्यानंतरचा एक आकडा. आणि शेवटचा, सर्वांत मोठा आकडा इंजिन पूर्ण उघडून, धुऊन, कोरडं करून परत जोडल्यानंतरचा. या १०० सीसीच्या गाडीला ड्रेननंतर ८०० मिली आणि इंजिन उघडल्यावर एक लिटर असं लिहिलेलं आहे. मधलं २०० मिली कुठे जातं? ते इंजिनातच राहतं. क्लच प्लेटांच्या मध्ये, गिअरच्या दातांवर, ऑइलच्या बारीक वाटांमध्ये, क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या पेटीच्या) कोपऱ्यांत. बोल्ट काढून तासभर थांबलं तरी ते सगळं खाली येत नाही. म्हणजे या गाडीत एक लिटरचा डबा पूर्ण ओतला तर २०० मिली जास्त होतं, आणि ९०० मिलीचा ओतला तरी १०० मिली जास्तच. काही इंजिनांवर ऑइल भरायच्या तोंडाजवळच आकडा कोरलेला असतो. तो कोणता आकडा आहे, ड्रेनचा की कोरड्या इंजिनाचा, हे मॅन्युअलशी ताडून पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

ग्रेडबद्दल, म्हणजे ऑइलच्या जाडपणाबद्दल, फार लिहीत नाही. मॅन्युअलमध्ये १०डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर तेच. "नागपूरचं ऊन आहे, वीस-पन्नास टाका" (म्हणजे २०डब्ल्यू-५०) असा सल्ला दर मे महिन्यात मिळतो. मॅन्युअलमधल्या तापमानाच्या तक्त्यात जाडसर ग्रेडला परवानगी दिलेली असेल तर ठीक, नसेल तर नको. डब्यावर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं असणं मात्र अत्यावश्यक आहे, कारण मोटरसायकलचा क्लच याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे घटक असतात, त्यांनी क्लच घसरायला लागतो. जासो एमबी लिहिलेलं ऑइल स्कूटरसाठी असतं, ते गिअरच्या गाडीत टाकू नये.

आता जागा. सकाळी सहाला सुरुवात केली, कारण मे महिन्यात नऊनंतर पार्किंगच्या फरशीवर बसवत नाही. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण लेव्हलच्या मापात बरोबर उतरतो. पारदर्शक बाटली थोडीशी हवा राहील इतकी पाण्याने भरून फरशीवर आडवी ठेवली की आतला हवेचा बुडबुडा कुठल्या बाजूला सरकतो ते कळतं. मोबाइलमधली लेव्हलही चालते. मीटरमागे दोन सेंटीमीटर उतार म्हणजे जेमतेम एक अंश. आता काच गाडीच्या मध्यापासून साधारण १५ सेंटीमीटर बाजूला धरली, तर या एका अंशाने काचेतली पातळी तीन मिलिमीटर वर किंवा खाली दिसते. काचेवरच्या दोन खुणांमधलं अंतर या गाडीत जवळपास १० मिलिमीटर. म्हणजे फरशीच्या उताराने एक तृतीयांश चूक आधीच झाली. पिलरजवळची जागा सपाट निघाली, तिथेच काम केलं.

साइड स्टँडवर तर काहीच पाहू नये. साइड स्टँडवर गाडी डावीकडे दहा-बारा अंश झुकते, सगळं ऑइल डाव्या बाजूला जातं, उजवीकडची काच रिकामी दिसते. ती रिकामी काच पाहून घाबरून अर्धा लिटर ऑइल ओतलेल्या गाड्या गॅरेजमध्ये येत असतात. डिपस्टिकवाल्या गाडीतही हीच चूक होते, फक्त तिथे काडी कोरडी निघते.

ऑइल सोडण्याआधी इंजिन गरम केलं. थंड ऑइल जाड असतं, सावकाश उतरतं, आणि त्यात तरंगत असलेली घाण तळाशी बसून राहते. पण चटका बसेल इतकं गरमही नको. मे महिन्यात पाच मिनिटं न्यूट्रलला चालू ठेवली तरी पुरते. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या आसपास असतो तेव्हा दोन-तीन किलोमीटर फिरवून आणलेली बरी. लांबून आल्याआल्या बोल्ट काढू नये. त्या वेळी ऑइल हातावर आलं तर फोड येतो. तसं असेल तर पंधरा मिनिटं थांबावं.

झाकण उघडण्याआधी त्याभोवतीची जागा ब्रशने आणि फडक्याने साफ केली. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तिथे धुळीचा थर साचलेला असतो आणि झाकण फिरवलं की तो सरळ आत पडतो. मग झाकण सैल केलं आणि त्यानंतरच खालच्या बोल्टला हात लावला. हा क्रम महत्त्वाचा. एक तर वरून हवा आत गेली की ऑइल एकसारखं उतरतं, गुडगुडत नाही. दुसरं म्हणजे झाकण जाम झालेलं असेल तर ते आधी कळलेलं बरं. सगळं ऑइल सोडून झाल्यावर झाकण उघडत नाही असं लक्षात आलं तर गाडी जागेवरच अडकते.

१०० सीसीच्या बोल्टला १७ नंबरचा पाना लागला. रिंग पाना किंवा गोटी पानाच वापरावा. फिक्स पान्याने किंवा स्क्रू पान्याने बोल्टचे कोपरे गोल होतात, आणि एकदा ते गोल झाले की पुढच्या वेळी छिन्नी-हातोडी आली. खाली पाच लिटरचा कापलेला कॅन ठेवला. बोल्ट शेवटच्या आट्यावर आला की तो वरच्या बाजूला दाबून धरत फिरवायचा आणि झटक्यात बाजूला काढायचा, म्हणजे ऑइल मनगटावर येत नाही.

धार थांबली की काम झालं असं बहुतेकांना वाटतं. धारेनंतर थेंबांचा भाग सुरू होतो आणि त्यात बरंच ऑइल निघतं. गाडी सावकाश डावीकडे झुकवली, मग उजवीकडे. की बंद ठेवून किक चार-पाच वेळा हळू दाबली, त्याने पंपातलं आणि गिअरमधलं थोडं खाली आलं. अशी पंधरा मिनिटं दिली. धार थांबल्या थांबल्या ६९० मिली निघालं होतं, पंधरा मिनिटांनी ते ७६० झालं. हा ७० मिलीचा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. घाईत बोल्ट लावला असता तर हे ७० मिली जुनं ऑइल आतच राहिलं असतं, आणि त्यावर मॅन्युअलच्या आकड्याप्रमाणे पूर्ण ८०० मिली ओतलं असतं तर तेवढं जास्त झालं असतं.

निघालेलं ऑइल मोजायचं कशाने? मापाच्या खुणा असलेला एक लिटरचा प्लॅस्टिकचा मग घ्यावा आणि तो कायम याच कामाला ठेवावा, स्वयंपाकघरात परत नेऊ नये. मोजण्याचा फायदा दुहेरी आहे. मागच्या वेळी किती टाकलं होतं ते लिहून ठेवलेलं असेल तर मधल्या काळात इंजिनाने किती खाल्लं ते कळतं. मागच्या वेळी याच गाडीत ८०० टाकलं होतं, आता ७६० निघालं. मोजेपर्यंत ऑइल कोमट होतं, म्हणजे थंड झाल्यावर आणखी थोडं कमी भरलं असतं. अडीच हजार किलोमीटरमध्ये एवढी घट चालण्यासारखी आहे. ५०० मिलीच निघालं असतं तर कारण शोधावं लागलं असतं: पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्हचे सील किंवा कुठूनतरी होणारी गळती.

आणि जास्त निघालं तर? हा प्रश्न फार लोकांच्या डोक्यात येत नाही. ऑइल आपोआप वाढत नाही. वाढलं असेल तर त्यात दुसरं काहीतरी मिसळलं आहे. वास घेऊन पाहावं. पेट्रोलचा वास आला आणि ऑइल पाण्यासारखं पातळ वाटलं, तर कार्ब्युरेटरवाल्या गाडीत पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई नीट बसत नसते. गाडी रात्रभर उभी असताना पेट्रोल हळूहळू सिलिंडरमार्गे खाली उतरतं. रंग दुधी-चहासारखा दिसला तर पाणी गेलं आहे. पावसाळ्यात पाणी साचलेल्या रस्त्यातून गाडी काढली असेल तर हे होऊ शकतं. अशा वेळी नुसतं ऑइल बदलून भागत नाही, मूळ कारण दुरुस्त करावं लागतं, नाहीतर नवं ऑइलही आठ दिवसांत तसंच होतं.

या १०० सीसीच्या इंजिनाला कागदी फिल्टर नाही. आत जाळी आणि फिरत्या भांड्यासारखा सेंट्रिफ्यूगल फिल्टर असतो, तो उजवं कव्हर उघडून साफ करावा लागतो, दरवेळी नाही. १५० सीसीला छोटा कागदी फिल्टर होता, तो बदलला. नवा फिल्टर कोरडा असतो. गाडी पहिल्यांदा सुरू झाली की तो आणि त्याभोवतीची पोकळी ऑइलने भरते आणि खालची पातळी तेवढी उतरते. म्हणून फिल्टर बदललेल्या गाडीची लेव्हल इंजिन सुरू करण्याआधी पाहून उपयोग नाही. फिल्टरच्या झाकणाच्या ओ-रिंगला थोडं नवं ऑइल चोळून बसवलं, म्हणजे ती पिळवटत नाही. जुनी ओ-रिंग खोबणीत चिकटून राहते आणि तिच्यावर नवी बसवली जाते, असंही होतं. मग तिथून ऑइल पाझरतं आणि महिन्याभरात लेव्हल खाली. नवी बसवण्याआधी खोबण बोटाने चाचपून पाहावी.

ड्रेन बोल्टचं वॉशर दरवेळी नवीन घालावं. ते दबून बसण्यासाठीच मऊ धातूचं केलेलं असतं, एकदा दबलेलं दुसऱ्यांदा तितकं बसत नाही. दहा-वीस रुपयांच्या या वस्तूची बचत करण्यासाठी बोल्ट जोराने आवळला जातो आणि ॲल्युमिनियमच्या क्रँककेसचे आटे जातात. बोल्ट आधी हाताने पूर्ण बसवला. हाताने तीन-चार आटे सहज गेले नाहीत तर तो तिरका चालला आहे, काढून पुन्हा लावावा. घट्ट करण्याचं प्रमाण या वर्गातल्या बहुतेक गाड्यांना २० ते ३० न्यूटन-मीटरच्या आसपास असतं. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. टॉर्क रेंच नसेल तर साधा हिशोब असा: १५ सेंटीमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सतरा किलोचा जोर लावला की २५ न्यूटन-मीटर होतात. पान्यावर पाय देऊन किंवा पाइप लावून आवळण्याची गरज कधीच पडत नाही.

आता ओतायचं. ८०० लिहिलं आहे म्हणून ८०० ओतलं नाही, ७०० ओतलं. कमी असलेलं वाढवणं एका मिनिटाचं काम आहे, जास्त झालेलं काढणं कटकटीचं. मगाने मोजून, नरसाळ्यातून, सावकाश. एकदम ओतलं की ते वरच्या भागात अडकतं, बुडबुडे धरतं आणि तोंडातून बाहेर येतं. दोन-तीन मिनिटं थांबलो, झाकण लावलं, गाडी सुरू केली. रेस न देता तीन मिनिटं. बंद केली. परत तीन मिनिटं थांबलो. मग काडी काढली, पुसली, परत घातली आणि पाहिली.

एवढ्याशा या कामात चार ठिकाणी चूक होते, म्हणून इथे थोडं थांबतो.

पहिली आणि सर्वांत मोठी चूक काडी घालण्याची. या गाडीच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलं आहे की काडी आत घालायची, पण आटे फिरवायचे नाहीत. झाकण तोंडावर नुसतं टेकवायचं. आपल्याकडच्या बऱ्याच १०० आणि १२५ सीसीच्या गाड्यांची हीच पद्धत आहे. काही गाड्यांमध्ये उलट, पूर्ण आवळून पाहायचं असतं. आट्यांची उंची साधारण १० मिलिमीटर. टेकवून पाहायची काडी आवळून पाहिली तर ती तेवढी खोल जाते, ऑइल वरच्या खुणेपर्यंत लागलेलं दिसतं, आणि "फुल आहे" असं समजून गाडी कमी ऑइलवर चालते. आवळून पाहायची काडी नुसती टेकवली तर लेव्हल कमी दिसते आणि आपण वरून भर घालतो. मुद्दाम दोन्ही पद्धतींनी पाहिलं. टेकवून पाहिलं तेव्हा ऑइल खालच्या खुणेच्या थोडं वर होतं, आवळून पाहिलं तेव्हा वरच्या खुणेच्याही वर लागलं. एकच ऑइल, एकच मिनिट. मापाच्या भाषेत हा फरक शंभर-दीडशे मिलीचा आहे.

दुसरी चूक थांबण्याची. इंजिन बंद झाल्या क्षणी बरंच ऑइल वर, हेडमध्ये आणि भिंतींवर असतं. लगेच पाहिलं तर कमी दिसतं. तिसरी चूक इंजिन सुरूच न करता पाहण्याची; तेव्हा फिल्टर आणि वाटा रिकाम्या असतात, म्हणून जास्त दिसतं. चौथी तापमानाची. ऑइल गरम झालं की फुगतं, दर अंशाला ढोबळमानाने ०.०७ टक्के. तीस अंशांचं ऑइल नव्वदला गेलं तर एका लिटरमागे चाळीस मिलीच्या आसपास वाढतं. लोक तापमानाची चर्चा फार करतात. प्रत्यक्षात ही चूक पहिल्या चुकीच्या निम्मीही नाही.

काडी पुसायला जुन्या सुती बनियनचा तुकडा वापरला. टेरिकॉट ऑइल शोषत नाही, आणि कापसाचं वेस्ट धागे सोडतं; ते धागे काडीवरून आत जातात आणि जाळीला चिकटतात. नवं ऑइल इतकं पारदर्शक असतं की काडीवर त्याची रेघ दिसतच नाही. काडी उजेडाकडे तिरकी धरली की ओली बाजू चमकते. तरीही शंका असेल तर काडी वर्तमानपत्राच्या कोऱ्या काठावर टेकवावी, डाग कुठपर्यंत उमटतो ते दिसतं. काडीच्या दोन बाजूंना वेगवेगळी उंची दिसली तर खालची खरी मानावी. वरची बाजू तोंडाच्या भिंतीला घासून ओली झालेली असते. पुसून दोनदा पाहावं. दोन्ही वेळा सारखं आलं तरच पुढे जावं.

७०० वर काडी खालच्या खुणेच्या जरा वर होती. मग ५० मिली टाकलं, दोन मिनिटं थांबलो, पाहिलं. पातळी तीन-साडेतीन मिलिमीटर वर आली. परत २५. आता वरच्या खुणेपासून किंचित खाली. एकूण ७७५ मिली. इथे थांबलो. वरच्या खुणेला अगदी टेकवण्याचा हट्ट नको, तिच्या वर तर अजिबात नको. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेकडे झुकलेली पातळी उत्तम. हे ५०-५० मिलीने चढवणं एकदा केलं की आपल्या गाडीच्या काडीवर एक मिलिमीटर म्हणजे किती मिली ते कायमचं कळतं. पुढे कधी कमी दिसलं तर किती घालायचं याचा अंदाज बांधावा लागत नाही.

१५० सीसीची काच वाचणं वेगळं काम. इथे मदतीला एक माणूस लागतो: एकाने हँडल धरून गाडी सरळ उभी ठेवायची, दुसऱ्याने काचेच्या उंचीवर डोळे आणून पाहायचं. वाकून वरून पाहिलं की रेघ चुकते. मॅन्युअल मेन स्टँड म्हणत असेल तर मेन स्टँडवर. दोन्ही चाकं जमिनीवर ठेवून म्हणत असेल तर तसं. जुन्या गाडीची काच आतून पिवळट होते आणि ऑइल नसतानाही भरल्यासारखी दिसते. यावर उपाय सोपा आहे. बाजूने टॉर्च धरावी आणि गाडी किंचित डावी-उजवी हलवावी. रेघ हलली तर ते खरं ऑइल. हललीच नाही तर एकतर तो डाग आहे, नाहीतर काच वरपर्यंत बुडालेली आहे, म्हणजे ऑइल फारच जास्त आहे. काचेत बारीक फेस दिसला तर आणखी पाच मिनिटं थांबावं. फेसासकट वाचलेली पातळी खोटी असते.

या गाडीत मदतनीसाने घाईत ५० मिली जास्त ओतलं आणि रेघ वरच्या खुणेच्या वर गेली. ते काढायला मेडिकलमधून आणलेली ५० मिलीची सिरिंज आणि सलाइनची नळी वापरली. नळी भरायच्या तोंडातून आत सोडायची, ऑइलला लागली की सावकाश ओढायचं. इंजिन कोमट असावं, गरम नको, नाहीतर नळी मऊ पडते. नळी गिअरजवळ अडत असेल तर जोर करू नये, दिशा बदलावी. खालचा बोल्ट सैल करून "थोडंसं" सोडणं हा मार्ग टाळलेला बरा. त्यात थोडंसं कधीच निघत नाही, आणि नव्याने बसलेलं वॉशर पुन्हा सैल होतं.

थोडं जास्त झालं तर काय बिघडतं, असं पुष्कळजण विचारतात. क्रँक आणि गिअर ऑइलमध्ये गरजेपेक्षा जास्त बुडाले की ते ऑइल घुसळतात. ताक घुसळल्यासारखा फेस होतो. फेसात हवा असते, पंप ती हवा ओढतो आणि बेअरिंगला पुरेसं ऑइल पोचत नाही. म्हणजे ऑइल जास्त असूनही इंजिन उपाशी राहतं. घुसळण्यात ताकद जाते, इंजिन जड वाटतं, जास्त तापतं. आतली मोकळी जागा कमी झाल्याने दाब वाढतो आणि ऑइलची वाफ ब्रीदरच्या (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या) पाइपमधून एअर फिल्टरकडे जाते. फिल्टर ओला होतो, त्यावर आपल्याकडची धूळ चिकटून चिखल होतो, धूर निळसर येतो. गिअर लिव्हरच्या दांड्याजवळचं सील पाझरायला लागतं. अशा गाडीचा मालक महिनाभर सील बदलत राहतो.

कमी असेल तर नुकसान जास्त वेगाने होतं. चढावर, जोरात ब्रेक मारल्यावर किंवा वळणावर ऑइल एका बाजूला जातं आणि पंपाचं तोंड उघडं पडतं. सर्वांत आधी उपाशी पडतो तो वरचा भाग, व्हॉल्व्ह उघडणारे कॅम आणि रॉकर. टॅपेटसारखा टकटक आवाज येतो, लोक टॅपेट ॲडजस्ट करून घेतात. आवाज वाढला की टॅपेटच्या आधी काडी पाहावी. शिवाय कमी ऑइल जास्त वेळा फिरतं, जास्त तापतं, लवकर जळतं. व्हरायटी चौकात ४५ अंशांच्या दुपारी सिग्नलला उभ्या असलेल्या, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला वाराही मिळत नाही. आतली उष्णता बाहेर आणायला ऑइलचाच मोठा आधार असतो. म्हणून मार्च ते जून दर पंधरा दिवसांनी काडी पाहतो, एरवी महिन्यातून एकदा.

आणखी एक गोष्ट, जी तपासल्याशिवाय लक्षात येत नाही. काडीचं झाकण हरवल्यावर किंवा तुटल्यावर दुकानातून आणलेलं दुसरं झाकण आट्यांना बसतं, पण काडीची लांबी वेगळी असते. कधी काडीच नसते, नुसतं सजावटीचं रंगीत झाकण. बदललेलं झाकण असेल तर एकदा मॅन्युअलप्रमाणे ऑइल पूर्ण सोडून, मोजून भरून, त्या काडीवर पातळी कुठे येते ते पाहावं आणि तिथे बारीक कानसीने स्वतःची खूण करून कण पुसून घ्यावेत. त्यापेक्षा मूळ भाग मागवणं केव्हाही चांगलं.

जुनं ऑइल दोन्ही गाड्यांचं मिळून दोन लिटरच्या आत होतं. रिकाम्या डब्यांत भरून, झाकणं आवळून, ऑइल पिंपात साठवून पुनर्वापरासाठी देणाऱ्या वर्कशॉपमध्ये दिलं. वापरलेलं ऑइल २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार धोकादायक कचऱ्यात मोडतं. पार्किंगच्या जाळीत ओतलेलं ऑइल नाल्यांतून शेवटी नाग नदीत उतरतं. चेनला लावायलाही ते वापरू नये, त्यात धातूचे कण असतात आणि ते चेनच्या कड्या घासतात.

त्या दिवशी दोन्ही गाड्या दहा-बारा किलोमीटर चालवल्या, अंबाझरीपर्यंत आणि परत. बोल्टखाली आणि फिल्टरच्या झाकणाखाली पांढरा कागद धरून पाहिला, डाग नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन सुरू न करता, १०० सीसीची काडी पुन्हा पाहिली. पातळी वरच्या खुणेच्या दोन मिलिमीटर वर. ऑइल वाढलेलं नाही. रात्रभरात वरचं सगळं खाली उतरलं आहे. आदल्या दिवशी मॅन्युअलच्या पद्धतीने लेव्हल बरोबर केलेली असल्यामुळे हे दोन मिलिमीटर आता या गाडीचं थंड माप झालं. वहीत तारीख, किलोमीटर, निघालं ७६०, टाकलं ७७५, थंड लेव्हल वरच्या खुणेपेक्षा दोन मिमी वर असं लिहिलं. आता दर पंधरवड्याला सकाळी गाडी सुरू करण्याआधी काडी पाहिली की पुरतं. या थंड खुणेपासून ऑइल तीन मिलिमीटर खाली दिसलं की ५० मिली घालायचं.